गाडीवाट एकच पायजे

(दगडखाणीच्या वाहतुकीबद्दल पाड्यावर झालेल्या सभेतलं भाषण)



आपल्या पालघर जिल्ह्यात डोंगर फोडून खडी बाहेर जाते, धुरळा आपल्याकडं राहतो. तक्रार केली की ठेकेदार बोलतो, "टँकरनं पाणी मारतो." पाणी मारायला पायजेच. पण उन्हात ते लवकर सुकतं आणि फुफाटा पुन्हा उठतो. म्हणून आज गाड्यांबद्दल बोलायचं.

पावसाळा सरला की माळाची माती वरून पापुद्रा धरते. गवताची मुळं तिला बांधून ठेवतात. भरलेला डंपर वरून गेला की पापुद्रा फुटतो, मुळं तुटतात, मातीचं पीठ होतं. मग गाडी नसली तरी वारा ते उचलतो. वालाच्या पानावर, आंब्याच्या मोहरावर, पाण्याच्या हंड्यात तेच बसतं. त्यातला जो कण डोळ्याला दिसत नाही, तोच फुप्फुसात खोल जातो.

एका वाटेला खड्डे पडले की ड्रायव्हर बाजूनं दुसरी काढतो, मग तिसरी. उन्हाळ्यात आपले प्लॉट मोकळे दिसतात, गाड्या त्यातनंच घालतात. इथं प्रश्न नुसता धुरळ्याचा राहत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. जमिनीवरचे बांध हा त्याचा पुरावा धरतात. चाकाखाली बांध गेला, तर पाहणीला आलेल्या साहेबाला दाखवायचं काय?

म्हणून आपल्या मागण्या अशा :

1. गाडीवाट एकच. दोन्ही बाजूंना चर खणून दगड लावायचे. प्लॉटात चाक नको.
2. त्या वाटेवर खडी टाकून रोलर फिरवायचा. खडी त्यांच्याकडं कमी नाही.
3. पाड्याजवळ वेग ताशी 20 किलोमीटरच्या वर नको. वेग निम्मा केला की धुरळाही जवळपास निम्म्यानं उतरतो.
4. भरलेल्या गाडीवर ताडपत्री. शाळा भरताना-सुटताना फेरी बंद.
5. पाणी खाणीच्या खड्ड्यातलं मारायचं, आपल्या विहिरीचं नाही.

हे कोणाच्या मेहरबानीवर मागायचं नाही. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. शिफारस मागायला येतील, तेव्हा या अटी आधी पुढं ठेवायच्या. नुसते हात वर करून भागणार नाही. ठराव वहीत लिहायचा, खाली सह्या-अंगठे घ्यायचे आणि एक नक्कल पाड्यावर ठेवायची.

जिंदाबाद!