वही कपाटात, तारीख मंत्रालयात

(न्हावरे येथे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या भूमिहीन आदिवासींच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्या वस्तीवर वाचून दाखवावा.)



ऊसतोडीचे दिवस आहेत, खाडा करून आलात, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. बैठक जमिनीची आहे, पण आज आम्ही बोलणार आहोत कागदावर. गायरानातला तुकडा तुम्ही तीस वर्षं कसला असला तरी कचेरी तो तुमच्या हातावरच्या घट्ट्यांवरून ओळखत नाही. वहीत नोंद आहे का, आणि कुठल्या सालची, एवढंच बघते.

ती वही कुठली? तलाठ्याकडे गाव नमुने असतात. सात-बारा सगळ्यांना ठाऊक आहे, फेरफाराचा नमुना सहा काहींना ठाऊक आहे. पण नमुना एकच्या पोटात आणखी वह्या आहेत. १अ वनजमिनीची, १ब सरकारी पडाची, आणि १ई अतिक्रमणाची. ही १ई आपली वही. कोण, कुठल्या गटात, किती गुंठे, कधीपासून, किती दंड झाला, हे तिच्यात असायला पाहिजे. आपल्यातल्या किती जणांनी ती डोळ्यांनी बघितलीय? आत्ता हात वर करायला सांगितलं तेव्हा एकही हात वर आला नाही.

आता तारखेचं. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं निर्णय काढला. सरकारी पड आणि गायरानावर भूमिहीनांनी शेतीसाठी केलेलं अतिक्रमण नियमित करायचं, त्यात अनुसूचित जमातीची माणसं आली. मात्र ते १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातलं पाहिजे. १४ एप्रिल १९९० म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. दिवस चांगला निवडला, तक्रार नाही. पण ज्या बाईनं १९८५ ला कुदळ मारली आणि जिच्या नावानं तलाठ्यानं नोंदच केली नाही, ती या निर्णयातून बाहेर पडते. जमीन कसूनही बाहेर. आणि निर्णय निघाला हे तिला कळलं ते आठ-दहा वर्षांनी.

असं का होतं, तर शासन निर्णय विधानसभेपुढे मंजुरीला येत नाही. तो मंत्रालयातून निघतो आणि खाली येता येता फायलीत मुरतो. ज्यांच्यासाठी काढला त्यांना मसुदा कुणी दाखवत नाही.

याच्या उलट काय होतं तेही २००६ साली बघितलं. वनहक्काचं विधेयक १३ डिसेंबर २००५ ला लोकसभेत मांडलं. त्यात तारीख होती २५ ऑक्टोबर १९८०, म्हणजे त्यानंतरचं कसणं मोजायचं नाही. विधेयक छापून बाहेर आलं होतं म्हणून ही तारीख देशभरच्या संघटनांना दिसली, आणि दिसली म्हणून तिच्यावर बोलता आलं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, किशोरचंद्र देव अध्यक्ष. समितीच्या बैठका बंद दाराआडच होतात, तिथं आपल्याला बसता येत नाही. पण समितीनं निवेदनं मागवली, आणि २३ मे २००६ ला तिचा अहवाल संसदेत आला तेव्हा तो सगळ्यांना वाचता आला. समितीच्या सगळ्याच शिफारशी सरकारनं मानल्या नाहीत. तारीख मात्र बदलली. डिसेंबर २००६ मध्ये झालेल्या कायद्यात ती १३ डिसेंबर २००५ आहे. पंचवीस वर्षं पुढं सरकली! मसुदा १९९१ सारखा आतल्या आत राहिला असता तर १९८० च कायम झालं असतं, असं आमचं मत आहे.

दार अजून पुरतं उघडलेलं नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ८ आहे, काय द्यायचं नाही त्याचं. विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होत असेल तर माहिती देत नाहीत. मंत्रिमंडळाचे कागदही देत नाहीत. पण त्याच कलमात लिहिलंय की निर्णय होऊन प्रकरण पुरं झालं की तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या कागदांवरून तो घेतला ते कागद जाहीर करायचे. म्हणजे १९९१ ला हीच तारीख का धरली, हे विचारता येतं. आम्ही विचारणार आहोत. आणि कलमाच्या शेवटी खाजगी माहितीच्या पोटकलमाखाली २०२५ पर्यंत आणखी एक ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही माणसाला नाकारायची नाही, असं ती सांगत होती. आमदारानं मागितली तर जी वही टेबलावर येते, ती पारध्याच्या पोरानं मागितली तरी आली पाहिजे. तुमच्या शेजाऱ्याच्या नावाची नोंद ‘खाजगी’ म्हणून लपवायला लागले तर तेव्हा हीच ओळ दाखवता यायची.

हा कायदा वरून पडलेला नाही. राजस्थानात ब्यावरला १९९६ साली मजुरांनी चाळीस दिवस धरणं धरलं, मागणी काय, तर खर्चाचे कागद आणि मस्टर दाखवा. रोजगार हमीवर खडी फोडलेल्यांना मस्टर म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्या घोडनदीपलीकडे पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. तिथल्या अण्णा हजारेंना ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा महाराष्ट्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. केंद्राचा कायदा त्यानंतर, १२ ऑक्टोबर २००५ पासून.

खरं तर जमिनीच्या कागदाला एवढीही वाट बघायची गरज नव्हती. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिचं कलम ३२७ सांगतं की नकाशे आणि जमिनीचं दप्तर लोकांना बघायला खुलं आहे आणि फी भरली की नक्कल द्यायची. चाळीस वर्षं केव्हाच उलटली. मागच्या महिन्यात एका कचेरीत आमच्या दोघांना सांगितलं, “हे गोपनीय आहे.” कशाखाली गोपनीय ते लिहून द्या म्हटल्यावर साहेब चहाला गेले.

म्हणून अर्ज कसा करायचा ते नीट ऐका. “माझ्या जमिनीची माहिती द्या” असं मोघम लिहू नका, मोघम उत्तर येतं. लिहायचं असं: अमुक गावाची नमुना १ई ची वही, १९७८ ते १९९०, मला स्वतः बघायची आहे, टिपणं घ्यायची आहेत आणि दाखवीन त्या पानांच्या साक्षांकित नकला पाहिजेत. बघण्याचा पहिला तास फुकट असतो. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पण दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर दाखला जोडा, पैसे लागत नाहीत. कशाला पाहिजे ते सांगायचं कारण नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घ्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, कायद्यात तसं आहे. तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर अपील, त्याचा मसुदा आम्ही देऊ. “वही सापडत नाही” हे नकाराचं कारण कलम ८ मध्ये कुठंच नाही. तसं म्हणाले तर तेवढंच सहीनिशी लिहून मागा. पुढं तोच कागद कामाला येतो.

वही हातात आली की फक्त आपलं नाव शोधून उठू नका. कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत, दोन्ही उतरवा. गायरानात विहीर पाडून ऊस लावणाऱ्यांचं नाव १ई ला आहे का तेही बघा.

येत्या बुधवारी जायचंय. प्रत्येक वस्तीवरून दोघं, त्यात एक वाचणारा आणि एक जुनं आठवणारी म्हातारी किंवा म्हातारा. शिरूरकडच्यांनी शिरूरच्या एसटी स्टँडवर दहाला यायचं, दौंडकडच्यांनी चौफुल्याला. दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर झेरॉक्स आणा. मूळ पावती घरी पेटीतच ठेवा, कुणी कितीही मागितली तरी.