विकास आणि धूर

एखाद्या देशाची भरभराट एकेकाळी त्याच्या धुराड्यांवरून ओळखली जाई. धूर अधिक तेथे उत्पादन व रोजगार अधिक, हा समज निराधार नव्हता. कोळशाच्या बळावरच प्रथम ब्रिटन व नंतर युरोप-अमेरिका संपन्न झाले. त्या संपन्नतेची किंमत मात्र साऱ्या जगाच्या वातावरणात साठून राहिली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

तेव्हा प्रश्न असा की, विकास आणि धूर यांची जोडी अतूट आहे काय? ज्या ब्रिटनने ती जमविली, त्याचाच अनुभव येथे बोलका आहे. १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावरील सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातील अखेरचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. १९९० ते २०२२ या काळात ब्रिटनचे राष्ट्रीय उत्पन्न दीडपटीहून अधिक वाढले आणि देशांतर्गत उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आले. अर्थात, पूर्वी तेथे तयार होणारा बराच माल आता बाहेरून येतो व त्याचा धूर इतर देशांच्या खात्यावर पडतो. हा हिशेब धरला तर घट कमी भरते. पण ती नाहीशी होत नाही.

भारताची स्थिती निराळी आहे. येथील दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्या घरात दिवा उशिरा पोहोचला, त्यालाच तो मालविण्यास सांगणे न्याय्य नव्हे. २००५ ते २०२० या काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागील उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. तथापि, उत्पन्नच अधिक वेगाने वाढल्यामुळे एकूण उत्सर्जन वाढत राहिले. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी केवळ पहिली घट पुरेशी नाही.

या हिशेबाचे एक टोक गावापर्यंत येते. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण होताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे. सौरऊर्जेमुळे कृषिपंपास दिवसा वीज मिळाली की शेतकऱ्याचे रात्रीअपरात्री पिकाला पाणी देणे टळते आणि तेवढा कोळसाही वाचतो. विकास वाढावा व धूर घटावा, याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. अशा प्रकल्पासाठी जागेचा ठराव करणारी ग्रामपंचायत आणि त्यामागचे गणित वर्गात समजावून देणारा शिक्षक या राष्ट्रीय कार्याचे खरे वाटेकरी होत.