माध्यम इंग्रजीच आहे ना?

२०१७ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. काचीगुड्यात पिठाची गिरणी चालविणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन सायंकाळी माझ्या घरी आले. मूळचे देगलूरकडचे, हैदराबादेत येऊन त्यांच्या दोन पिढ्या झालेल्या. इंटरमीजिएटची दोन वर्षे मी त्या मुलीला इंग्रजी शिकविले होते. तिला डॉक्टर व्हावयाचे होते. 'नीट' परीक्षेत सरकारी महाविद्यालय मिळण्याइतके गुण पडले नव्हते, आणि खासगी महाविद्यालयाची फी त्यांच्या आवाक्यातील नव्हती. चीनमध्ये तेच शिक्षण पुष्कळ स्वस्तात होते. त्यासाठी गावाकडची दोन एकर जमीन विकावी की न विकावी, एवढाच प्रश्न उरला होता. मध्यस्थाने दिलेली चकचकीत माहितीपत्रिका माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "सर, माध्यम इंग्रजीच आहे ना?"

मी पत्रिका वाचली आणि म्हणालो, "हो, इंग्रजीच. काळजीचे कारण नाही." पुढच्या महिन्यात जमीन विकली गेली.

ते वाक्य मला आज परत घ्यावयाचे आहे.

ती गेली हूपै प्रांतातील ईचांग या यांगत्से नदीकाठच्या शहरी. नदीवर शहरातच एक प्रचंड धरण आहे आणि वरच्या अंगाला जगप्रसिद्ध 'तीन घळयां'चे धरण. पहिल्या पत्रात तिने लिहिले होते की, नदी पाहून नागार्जुनसागर आठवले आणि मग ते फार लहान वाटू लागले. वर्गातील व्याख्याने इंग्रजीत होत, पुस्तके इंग्रजीत होती, सोबतीला तेलुगू, मल्याळी, राजस्थानी मुले होती. साथ येण्यापूर्वी चीनमध्ये तेवीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील बहुतेक वैद्यकाचे होते. दोन वर्षे माझे वाक्य खरे ठरले.

२०१९ च्या शरदात त्यांना प्रथम रुग्णालयात नेले. एक म्हातारी कमरेला हात लावून "याओ स्वान, याओ स्वान" म्हणत होती. 'याओ' म्हणजे कंबर, हे हिला ठाऊक होते. 'स्वान' हा शब्द ती फळवाल्याकडे शिकली होती. ईचांगच्या परिसरात संत्री पुष्कळ होतात, आणि संत्रे आंबट आहे की गोड, हे विचारावेच लागते. स्वान म्हणजे आंबट. हिने वहीत लिहिले, 'आम्लपित्त.' बरोबरची चिनी डॉक्टरीण हसली नाही, ही तिची थोरवी. तिने सांगितले, अंग आंबून आल्यासारखे जे दुखते, त्याला आमच्याकडे 'आंबट' म्हणतात.

हे ऐकताना मला प्रथम स्वतःचीच लाज वाटली. आपण मराठीत दुखण्याला काय काय म्हणतो! ठणकते, सलते, ठसठसते, चमक मारते, कळ येते, अंग आंबते. रोगी हेच सांगत असतो आणि निदानाचा अर्धा भाग त्यातच असतो. पंधरा वर्षे मी इंग्रजी शिकवीत आलो. पण कोणत्या भाषेत माणूस कण्हतो, हा प्रश्न त्या सायंकाळी माझ्या मनात आला नव्हता. माध्यम शिक्षकाचे इंग्रजी होते. रोग्याचे कसे असेल?

त्या दिवसापासून तिने एक निराळी वही घातली. एका बाजूला चिनी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. 'थंग' म्हणजे दुखणे, 'चांग' म्हणजे फुगल्यासारखे, तट्ट भरल्यासारखे वाटणे, 'मा' म्हणजे मुंग्या येणे, बधिर होणे. तिच्या विद्यापीठाचा नियम होता की, चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी चढल्यावाचून पदवी नाही. या पायरीला तेव्हा बाराशे शब्द लागत. परंतु खेड्यातून आलेली म्हातारी माणसे पेकिंगची चिनी थोडीच बोलतात! पुण्याची पुस्तकी मराठी शिकून कोणी देगलूरच्या बाजारात उभे राहावे, तशी तिची गत होई.

येथे थोडे विषयांतर करतो. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरी फादर स्टीफन्सचे नाव आदराने घेतले जाते. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला, आपली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याच सुमारास माटेओ रिची हा इटालियन जेझुइटही गोव्यात होता. तो १५८२ साली मकावला गेला, चिनी शिकला आणि १६१० साली पेकिंगमध्येच वारला. एक आपल्याकडे राहिला, दुसरा तिकडे गेला. दोघांनीही परक्या मुलखात आधी विद्यार्थीदशा पत्करली. मी स्टीफन्सचा अभिमान बाळगणारा मनुष्य, आणि एका मुलीला सांगतो काय, तर भाषेची काळजी नको!

असो. २०२० च्या जानेवारीत ती वसंतोत्सवाच्या सुटीसाठी घरी आली. चार कपडे आणि ती वही एवढेच बरोबर होते. बाकी सारे वसतिगृहाच्या कपाटात. मागोमाग वूहान बंद झाले, ईचांग बंद झाले. वूहानमध्ये अडकलेल्यांना घेऊन फेब्रुवारीच्या आरंभी आपली दोन विमाने आली. ही आधीच घरी होती म्हणून सर्वांनी देवाचे आभार मानले. पण परत जाण्याचा दरवाजा उघडावयास २०२२ चा ऑगस्ट उजाडला.

अडीच वर्षे ती मोबाईलवर वैद्यक शिकली. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिकडे आठला वर्ग सुरू होई, तेव्हा काचीगुड्यात साडेपाच वाजलेले असत. गिरणी सुरू झाली की आवाजाने काही ऐकू येत नसे, म्हणून वडील शटर नऊपर्यंत उघडीत नसत. सकाळची गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. त्याबद्दल त्या गृहस्थांनी कधी एक शब्द काढला नाही.

जून महिन्यात गलवानची चकमक झाली. आपले वीस जवान कामी आले. त्यांत कर्नल संतोष बाबू आमच्या तेलंगणातील सूर्यापेटचे. साऱ्या राज्याला घरचा माणूस गेल्याचे दुःख झाले. शेजारपाजारचे म्हणू लागले, "अजून त्यांच्याकडेच शिकायचे का?" ती मला म्हणाली, "सर, मीही त्या दिवशी रडले. दुसऱ्या सकाळी साडेपाचला वर्ग होता. मॅडमनी हजेरी घेतली, माझे नाव उच्चारताना क्षणभर थांबल्या, आणि औषधशास्त्राचा धडा सुरू केला." यावर काय बोलावे, ते मला सुचले नाही, आजही सुचत नाही.

२०२२ च्या अखेरीस ती परतली. पुढल्या वसंतात मी तिला एक गोष्ट मागितली. आपण हैदराबादेहून मुंबईस जाताना सोलापूर लागते. तेथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार सहकाऱ्यांसह चीनला गेले. जपानी आक्रमणाचा तो काळ. ते चिनी शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, तिकडच्याच परिचारिकेशी विवाह केला, मुलाचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत-चीन, असे ठेवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. चौघे सहकारी परतले. उत्तरेकडे शिच्याच्वांग येथे त्यांचे स्मारक आहे. ते पाहून ये, असे मी लिहिले.

ती छिंगमिंगच्या सुटीत गेली. छिंगमिंग हा चिनी लोकांचा पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याचा दिवस. स्मारकापाशी फुले वाहिलेली होती. आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ नातवाला दगडावरील अक्षरे वाचून दाखवीत होते, 'के दीहुआ'. कोटणीसांचे हे चिनी नाव तिलाही वाचता आले. कोणत्या गावची, असे त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, "यांच्या गावाजवळची." सोलापूर ते हैदराबाद हे तीनशे किलोमीटर अंतर तिने त्या दिवशी खुशाल गिळून टाकले, आणि मला त्यात खोटेपणा दिसत नाही.

परत आल्यावर परदेशी पदवीधरांची परीक्षा. तीनशेपैकी दीडशे गुण लागतात, आणि बऱ्याच सत्रांत शंभरांतले पंचवीसही उत्तीर्ण होत नाहीत. पहिल्या वेळी तिला बारा गुण कमी पडले. त्या रात्री तिच्या वडिलांचा फोन आला; ते जमिनीविषयी बोलले नाहीत, 'तिला समजावा' एवढेच म्हणाले. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. आता एका सरकारी रुग्णालयात उमेदवारी करते.

गेल्या महिन्यात ती भेटावयास आली, तेव्हा तीच वही हातात होती. चिनी आणि मराठीच्या शेजारी तिसरा रकाना पडला आहे: नोप्पि, मंट, तिम्मिरी. चिनी 'मा' आणि तेलुगू 'तिम्मिरी' एकाच ओळीत. मला म्हणाली, "सर, 'ठसठसणे' अगदी नेमके इंग्रजीत काय?" मी दोन शब्द सांगितले; दोन्ही तिला पटले नाहीत.

या आठवड्यात आणखी एक वडील आले होते. हातात तशीच पत्रिका, तोच प्रश्न. मी त्यांना चहा दिला आणि काचीगुड्याचा पत्ता लिहून दिला. सकाळी नऊनंतर जा, म्हणालो, तेव्हा गिरणी उघडी असते.