पाणी एचटूओच कशावरून?

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने काहीतरी नवं सांगावं अशी अपेक्षा असते. मी अकरावीच्या पहिल्या धड्यावर बोलणार आहे. सीईटी आणि नीटच्या धाकाने आपण तो उरकतो. मोलची व्याख्या, दोन-तीन सूत्रं, भरपूर गणितं, की लगेच अणुरचना. मुलं गणितं बिनचूक सोडवतात. त्याच मुलांना विचारून बघा, पाण्याचं सूत्र एचटूओ हे कशावरून? वर्ग गप्प होतो. एखादा धीट मुलगा म्हणतो, ‘पुस्तकात आहे, सर.’

डाल्टनला तेवढाही आधार नव्हता. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो, एवढं आज आपण तराजूवर दाखवू शकतो. पण नुसत्या वजनांवरून सूत्र निघत नाही. हायड्रोजनचा एक अणू धरला तर ऑक्सिजनचा अणुभार ८ येतो, दोन धरले तर १६. सूत्र हवं तर अणुभार पाहिजे, अणुभार हवा तर सूत्र. डाल्टनने सोपा मार्ग धरला आणि पाण्यात दोन्हींचा एकेक अणू मानला.

गे-ल्युसॅकने १८०८ साली वायूंची आकारमानं पुढे केली. दोन लिटर हायड्रोजन, एक लिटर ऑक्सिजन, आणि त्याच तापमान-दाबाला वाफ होते दोन लिटर. एकातून दोन निघतात, म्हणजे ऑक्सिजनचा कण दुभंगतो. १८११ साली अ‍ॅव्होगाड्रोने ते सरळ मान्य केलं: सारख्या आकारमानात सारखेच रेणू, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा. पण एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून कसे राहतील, हे ना डाल्टनला पटलं, ना बर्झेलियसला. कल्पना जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिली. या काळात किती गोंधळ माजला होता? केकुलेने १८६१च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची प्रचारात असलेली १९ सूत्रं नोंदवली आहेत!

हा गुंता सोडवला कॅनिझारोने, आणि तुम्हा-आम्हाला आवडावी अशी गोष्ट म्हणजे त्याचं १८५८चं ते प्रसिद्ध लेखन मुळात जिनोआतल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या अभ्यासक्रमाचा आराखडा होता. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहेच्या परिषदेत त्याच्या प्रती वाटल्या गेल्या. २६ वर्षांचा मेंडेलीव्ह तिथे हजर होता. भरवशाचे अणुभार हाती आल्यावरच १८६९ची आवर्तसारणी शक्य झाली.

कॅनिझारोची रीत एका तासिकेत फळ्यावर मावते. वायूंच्या घनतेवरून रेणुभार काढायचे आणि प्रत्येकात ऑक्सिजनचा वाटा किती ते लिहायचं. पाण्याच्या १८ मध्ये १६, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२, खुद्द ऑक्सिजनच्या ३२ मध्ये ३२. कितीही संयुगं घ्या, १६ च्या खाली कोणी उतरत नाही. हायड्रोजनचंही तसंच: हायड्रोजन क्लोराइडमध्ये १, पाण्यात २, अमोनियात ३. अणुभार मुलांच्या हातांनी निघतो. माझं म्हणणं एवढंच, की हा तक्ता मोलच्या आधी यावा.

मोल म्हणजे डझनासारखा, असं आपण सगळेच सांगतो. मला ती उपमा निकामी वाटते. डझनभर केळी बोटांनी मोजता येतात. मोलची गरज पडते ती मोजता येत नाही म्हणून, वजनावरून संख्या गाठायची असते म्हणून. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या कार्बन-१२ च्या बारा ग्रॅमवर टेकलेली नाही, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात ही नेमकी संख्या ठरवून दिली आहे. मापनशास्त्राची सोय झाली. शिक्षकाची मात्र अडचण वाढली, कारण आता तो आकडा आकाशातून पडल्यासारखा दिसतो. १८५६ साली वारलेल्या अ‍ॅव्होगाड्रोला तो ठाऊकही नव्हता. त्याचं नाव त्या संख्येला पेरँने १९०९ मध्ये दिलं.

दुपारच्या सत्रात प्रात्यक्षिकांची यादी ठरणार आहे. तिच्यात पाण्याचं विद्युत अपघटन पहिल्या आठवड्यात घ्यावं, अशी माझी सूचना आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं, पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि उपड्या दोन परीक्षानळ्या, एवढ्यात भागतं. ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्म्याहून थोडा कमी भरेल. काही पाण्यात विरघळतो, काही शिशातल्या कार्बनला खातो. ती तूट जर्नलमध्ये दुरुस्त करून लिहू देऊ नका, मुलांनाच कारण शोधू द्या. आणि सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन निघेल.