डोंगरमाथ्यावरची चिचुंद्री



चिचुंद्री म्हटले की आपल्याला मोरीतला अंधार, भिंतीच्या कडेने चाललेली ती लगबग आणि तो उग्र दर्प आठवतो. तिला आपण उंदरांत जमा करतो, हा मात्र तिच्यावर अन्याय आहे. उंदराचे दात कुरतडण्याचे; हिचे अणकुचीदार, किडे फोडण्याचे. शिवाय ही मोठी फिरस्ती. जहाजांतील मालाबरोबर ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोचली आणि तेथेच राहिली.

त्याच किनाऱ्यापासून आत, टांझानियातील उडझुंग्वा पर्वतावर, तिची एक नातलग राहते. तिला आपला डोंगर सोडता येत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते तिच्याविषयी.

तिचे शास्त्रीय नाव काँगोसोरेक्स फिलिप्सोरम. स्टॅनली, रॉजर्स आणि हुटेरर या तिघांनी २००५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नावात काँगो आणि मुक्काम टांझानियात! सारी गोम येथेच आहे. या प्रजातीतील इतर जाती सापडतात त्या पश्चिमेला, हजाराहून अधिक किलोमीटरांवर, काँगोच्या बाजूला. मध्ये सरोवरे, माळराने, कोरडी झुडुपे. दिवसभराचा उपास घडला तर जो जीव जगत नाही, त्याने हे अंतर तोडले कसे? त्याने ते तोडलेच नाही. एके काळी ओले जंगलच येथवर पसरले होते, असे मानावे लागते. पुढे हवा कोरडी झाली, मधले जंगल विरले. हिंदी महासागराचे वारे जेथे अडतात त्या डोंगरांवर तेवढे ते उरले, आणि त्यातले जीव तेथे अडकून पडले.

ही सापडली कशी? जमिनीत काठापर्यंत बादल्या पुरायच्या आणि त्यांच्या ओळीवरून प्लास्टिकचा बुटका पडदा उभा करायचा. चिचुंद्री पडद्याच्या कडेने धावते (ही घराण्याची खोड तेथेही सुटलेली नाही) आणि बादलीत पडते. बस्स, एवढेच साधन! असल्या बादल्या घेऊन स्टॅनली यांनी पूर्व आफ्रिकेतील डोंगरामागून डोंगर पालथे घातले. २०१५ साली इथिओपियात काम चालू असतानाच त्यांचे निधन झाले.

हा पर्वत मोठा गूढ आहे. १९९१ साली तेथे डॅनिश संशोधकांना स्वयंपाकाच्या भांड्यात एका पक्ष्याचे अनोळखी पाय दिसले. तो तित्तिर शास्त्राला ठाऊकच नव्हता. त्याचे जवळचे नातलग निघाले आशियातील डोंगरांत! ही चिचुंद्री ज्या न्दुंदुलु जंगलात मिळाली, तेथेच २००४ साली किपुंजी हे माकडही आढळले.

माकडाची छायाचित्रे जगभर गेली. चिचुंद्रीची कोण छापतो? पण धोका दोघांनाही सारखाच आहे. खालून कुऱ्हाड चढते, आणि हवा तापू लागली की थंडावा शोधीत जंगलाला वर सरकावे लागते. माथ्याच्या वर मात्र डोंगरच नाही.