जुन्या ऑर्गनच्या बसलेल्या पट्ट्या

विजेवर चालणारा जुना ऑर्गन सहसा एकाएकी मुका होत नाही. प्रथम मध्य सप्तकातील एखादी पट्टी शेजारच्या पट्ट्यांहून किंचित खाली बसते. मग दुसरी दाबताच खटखटते. तिसरी तर बोट उचलल्यावरही वर येईनाशी होते. मग वाद्य मोडीत काढण्याची भाषा सुरू होते. वास्तविक स्वर निर्माण करणारा भाग पुष्कळदा शाबूत असतो. थकलेली असते ती बोटांखालची यंत्रणा.

अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली बाजारात आणलेल्या ऑर्गनचे उदाहरण घ्यावे. पेटीत पट्टी दाबली की भोक उघडते आणि हवेने सूर बोलतो. येथे स्वर जन्मतो तो फिरत्या पोलादी चक्रांमुळे वेटोळ्यांत उत्पन्न होणाऱ्या विजेतून. पट्टी केवळ ती वीज जोडते. पण हे जोडणे साधे नव्हे. मोठ्या नमुन्यांत पट्ट्यांच्या प्रत्येक ओळीत ६१ पट्ट्या आणि दर पट्टीमागे ९ संपर्कतारा असतात. पट्टी अगदी सावकाश दाबली तर त्या एकदम नव्हे, एकामागून एक जुळतात. म्हणून पट्टीची उंची हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ती बदलली की स्वर किती दाबावर उमटावा हेही बदलते, आणि वादकाचा हात चुकू लागतो.

नमुन्यागणिक रचना निराळी असली तरी तत्त्व एकच. पट्टीला मागे टेकू असतो, स्प्रिंग तिला वर ढकलते, आणि तिचा वरचा व खालचा प्रवास फेल्टवर थांबतो. त्यामुळे दोषाचे मूळ लक्षणावरून ओळखता येते. पट्टी खाली लोंबत असेल तर स्प्रिंग सैल, निसटलेली वा तुटलेली असावी. इतरांहून वर डोकावत असेल तर वरचे फेल्ट झिजलेले असावे. खटखट होत असेल तर खालचे दबलेले. काही वाद्यांत फेल्टऐवजी स्पंज वापरलेला असतो, त्याचा वर्षांनी चिकट चुरा होतो. तो सारा खरवडून काढल्याविना नवे काही चिकटवू नये.

नवे फेल्ट जुन्याच्या न दबलेल्या कडेइतक्या जाडीचे घ्यावे. जाड फेल्ट अधिक टिकेल, ही समजूत घातक आहे; पट्टी पुरती खाली जात नाही आणि तारा जुळतच नाहीत. सुटी स्प्रिंग मिळेनाशी झाली असेल तर टोकाच्या, क्वचित वाजणाऱ्या पट्टीची स्प्रिंग मध्याला लावावी, पांढरीची पांढरीला. ताणून लांबवलेल्या जुन्या स्प्रिंगपेक्षा ही अदलाबदल केव्हाही बरी.

संपर्कतारांना कानस वा काचकागद मुळीच लावू नये. हॅमंडमध्ये त्यांवर पॅलेडियम या मौल्यवान धातूचा उपयोग केलेला आहे. धुळीने स्वर खरखरत असेल तर संपर्कदांड्या किंचित सरकवण्याचा स्क्रू तेथे दिलेलाच असतो. पट्ट्यांत तेल सोडण्याचा मोहही आवरावा. तेल हवे ते चक्रांच्या यंत्राला, आणि तेही नेमलेलेच.

हे सारे वाद्याची वीज तोडून करावे. अ‍ॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही काही काळ भार राहतो. तिकडे हात नेऊ नये. पट्ट्या काढण्यापूर्वी प्रत्येकीच्या पोटाशी शिसपेन्सिलीने क्रमांक घालावा. बसवून झाल्यावर फूटपट्टी आडवी धरून उंची पाहावी आणि मगच, एकेक पट्टी सावकाश दाबत, स्वर ऐकावेत.