एकदा सांगितलं की पुरे व्हावं

'तक्रार' हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला, पण मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. मराठीत येता येता तो गाऱ्हाण्याच्या अर्थानं रुळला. पण घरात मार खाणारी बाई मदत मागायला उंबऱ्याबाहेर पडते तेव्हा या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा जागा होतो. तिला तेच ते, दर खिडकीवर, नव्यानं सांगावं लागतं.

मी कविता लिहिते, वकिली करत नाही. पण आमच्या मोहल्ल्यात बी.ए. झालेली आणि मराठी लिहिणारी बाई म्हणजे अर्ज लिहून देणारी बाई. रेशनकार्डाचा अर्ज, शाळेच्या दाखल्याचा अर्ज, विधवा पेन्शनचा अर्ज. त्यात एखादी येते, रेशनकार्डाचं काम संपलं तरी उठत नाही. ओढणी सारखी करत राहते आणि मग हळूच म्हणते, "आपा, एक अर्ज और लिखना है." तो दुसरा अर्ज कसला, हे मला न विचारता कळतं. अशा बायकांकडून जे ऐकलं आणि त्यांच्यासाठी जे वाचलं, त्याच्या आधारावर आज बोलते आहे.

देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. तिच्यानुसार, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के. आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही, कोणाला सांगितलंही नाही. ज्या मदत मागतात, त्यांतल्या बहुतेक माहेरच्यांकडे, सासरच्यांकडे, ओळखीपाळखीत मागतात. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचणाऱ्या फार थोड्या.

आपण म्हणतो, बायका सोसतात, बोलत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. पुष्कळ जणी एकदा बोलून बघतात. आईला सांगतात, आई म्हणते, "पोरं मोठी झाली की निवळेल." जमातीतल्या किंवा भावकीतल्या वडीलधाऱ्यांना सांगतात, ते नवऱ्याला बोलावून दोघांची समजूत घालतात, म्हणजे खरं तर तिचीच घालतात. मग पोलीस ठाणं. तिथं विचारतात, "घरचं भांडण आहे ना? मिटवून टाका." कोणी म्हणतं, आधी दवाखान्याचा कागद आणा. दवाखान्यात म्हणतात, आधी पोलिसांची चिठ्ठी आणा. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीपासून सगळं सांगायचं, तेही चार लोक ऐकत असताना. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत तिची हकिगत आखडून एका वाक्यावर येते, आणि पाचव्या ठिकाणी ती जातच नाही. याला गप्प बसणं म्हणू नये. तिला थकवून गप्प केलेलं असतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो धर्म विचारत नाही. पत्नीला लागू आहे, तसा आईला, बहिणीला, विधवा भावजयीला आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. मारहाण तर हिंसा आहेच. पण सततचे टोमणे आणि शिव्या, बळजबरी, खर्चाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं, हीसुद्धा या कायद्यानं हिंसाच आहे. घर कोणाच्याही नावावर असो, तिला त्यात राहण्याचा हक्क आहे.

मुस्लिम बाईच्या बाबतीत हे मुद्दाम सांगायला हवं. ती दारात दिसली की समोरच्याच्या मनात आधी तलाक येतो. तोंडी तीन तलाकवर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ साली कायदा झाला, त्यावर गावोगाव चर्चा झाली. ते महत्त्वाचं होतंच. पण जिला तलाक नको आहे, नुसता मार थांबायला हवा आहे, तिचं काय? तिला सांगतात, "तुमच्यात तुमचे वेगळे नियम असतात, जमातीत जा." तसं मुळीच नाही. तिच्या शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती बाईला २००५ चा जो कायदा आहे, तोच तिला आहे.

या कायद्यात संरक्षण अधिकारी नावाचं पद आहे. बाईचं म्हणणं ऐकून 'कौटुंबिक घटना अहवाल' तयार करायचा, तो न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत पोचवायचा, तिला वकील, दवाखाना, निवारा मिळवून द्यायचा, हे त्यांचं काम. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यात लिहिलं आहे. ती माहेरी आश्रयाला आली असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. मार खाल्ला त्याच गावी परत जावं लागत नाही. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

म्हणजे एकदा सांगितल्यावर पुढची धावपळ दुसऱ्यानं करायची, हाच या कायद्याचा गाभा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे पद दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात जादा काम म्हणून पडलं. कायदा होऊन वीस वर्षं होत आली तरी, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की, संरक्षण अधिकारी नेमा, कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोचवा, निवाऱ्याची सोय करा. तक्रार न्यायालयालाही पुन्हा पुन्हा करावी लागते म्हणायची!

पण आपल्याच राज्यात काही जणांनी या प्रश्नाचा विचार बाईच्या बाजूनं केला आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाई पोलिसांकडे येते, तर समाजकार्यकर्तीनंही तिथंच बसावं, असा साधा विचार. पुढे हे कक्ष राज्यभर पसरले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१ च्या सुमारास मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र उभं केलं. तिथला विचार आणखी एक पाऊल पुढचा होता. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई जखम झाली की दवाखान्यात येतेच. केसपेपरवर ती सांगते, "मोरीत पाय घसरून पडले." मोरीत पडल्यावर गळ्यावर बोटांचे वळ कसे उठतील? हे ज्या परिचारिकेला दिसतं, ती तिला बाजूला नेते आणि सोबत आलेल्या सासूच्या किंवा नवऱ्याच्या कानाआड विचारते, "घरी कुणी मारतं का?" तो प्रश्न हीच पहिली मदत. मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही पुढे अशी केंद्रं निघाली.

२०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून 'सखी' वन स्टॉप सेंटरं सुरू झाली. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा, सगळं एका छपराखाली. कल्पना अगदी बरोबर आहे. पण केंद्र असतं जिल्ह्याच्या गावी, आणि बाई असते तालुक्यापलीकडच्या वाडीवर. हातात एसटीच्या तिकिटाचे पैसे नसतात, कडेवर लेकरू असतं, आणि संध्याकाळच्या आत परतली नाही तर घरात पुन्हा जाब द्यायचा असतो. केंद्रातला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. पुढे निवारागृहात जायचं तर एका वयापुढच्या मुलाला तिथं सोबत ठेवता येत नाही. मुलाला मागे सोडून कोणती आई जाईल?

आणि भाषा. आमच्याकडची बाई सांगते, "उनो मेरेकू मारते." कागदावर उतरतं, "प्रतिवादी हा अर्जदार महिलेस उपरोक्त ठिकाणी मारहाण करीत असे." चूक काही नाही, पण ते वाचून दाखवलं तरी हे आपलंच दुःख आहे हे तिला ओळखता येत नाही. अंगठा मात्र तिचा घेतला जातो. पावरी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या आदिवासी बाईची हीच गत. ऐकू न येणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या बाईची तर त्याहून वाईट. खरं तर अर्ज, फिर्याद, दाद, हक्क, कायदा, वकील हे शब्द आमच्या घरच्या बोलीत आहेत आणि मराठीतही आहेत. एवढी सोयरीक असताना कागदाची भाषा इतकी परकी का व्हावी?

मग करायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट, तिची हकिगत एकदाच, तिच्याच शब्दांत, शांत जागी लिहून घ्यावी. पुढे तो कागद फिरावा, बाई नव्हे. दुसरी, तिला नुसता पत्ता सांगू नये, सोबत माणूस द्यावा आणि जाण्यायेण्याचं भाडं द्यावं. तिसरी, आशाताई, अंगणवाडीताई, परिचारिका यांच्यापर्यंत बाई आपणहून पोचते; त्यांना काय विचारायचं आणि पुढे कोणाला कळवायचं, हे नीट शिकवावं आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. चौथी, १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक आणि तातडीच्या वेळचा ११२ क्रमांक एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या बायकांच्या खोलीत, तिथल्या लोकांच्या बोलीत लिहिलेला असावा.

काही गोष्टी तर आत्ताच हक्काच्या आहेत, त्या माहीत असू द्या. बलात्कार किंवा अॅसिडहल्ला झालेल्या बाईवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत. असा दखलपात्र गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. "ही आमची हद्द नाही" म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

आणि शेवटची गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी. २००५ च्या कायद्यात एक कलम शेजाऱ्यांसाठी आहे. पलीकडच्या घरात हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं, तो कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडून आवाज आला की आपण टीव्ही मोठा करतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी, घरातले पुरुष कामावर गेल्यावर, साखरेची वाटी मागायच्या निमित्तानं तिच्या दारात जावं. "तुझं काय चुकलं?" हे विचारू नये. "जरा सहन कर" हेही म्हणू नये. तिला बोलू द्यावं, आणि ती म्हणेल तेव्हा तिच्याबरोबर निघावं. सांगायची वेळ तिला ठरवू द्यावी. पण सांगितल्यावर तिला दुसऱ्यांदा सांगावं लागू नये, एवढं आपण पाहावं.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)